खालचं पान की शेंड्याचं?

वहिनी, कपडे वाळत घालताय ना? घाला घाला, हात चालू देत, मी इथूनच बोलते. कुकर लावून आलेय, तीन शिट्ट्यांपर्यंत मोकळी आहे. परवा आमच्याकडे तासगावचे दादा आले होते, पाहिलंत ना? पांढरी टोपी, कुंपणापाशी उभे राहून तुमच्या जास्वंदीकडे टक लावून बघत होते. हां, तेच. ह्यांचे मामेभाऊ. द्राक्षबाग आहे चार एकर. आले होते पत्रिका द्यायला, आणि ह्यांची तीन महिन्यांची इभ्रत एका कप चहात घालवून गेले.

आमच्या फिश टँकचं रामायण तुम्हाला ठाऊकच आहे. रिटायर झाल्यावर ह्यांनी दोन फुटी टाकी आणली. ‘मासे कोणीही पाळतं, मी झाडं लावणार.’ लावली. हायग्रोफिला, रोटाला, लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं जावा फर्न. महिनाभर अशी तरारली की मीच मीठमोहऱ्या उतरवायच्या बाकी होत्या. मग हायग्रोफिलाला भोकं पडायला लागली. मी एक पान खुडून ट्यूबलाइटसमोर धरलं होतं. आधी सुईनं टोचल्यासारखा ठिपका, भोवती पिवळी कड, मग मधलं तपकिरी होऊन गळतं, आणि आठ दिवसांत त्या भोकातून मुगाचा दाणा आरपार जाईल.

पहिला आळ आला गोगलगाईंवर. रात्री बारा वाजता हे बॅटरी आणि चमचा घेऊन टाकीपाशी. मी म्हटलं, चोर आलाय की काय! सत्तावन्न गोगलगाई काढल्या, मोजून. भोकं तशीच. बिचाऱ्या त्या बहुतेक सडकं पानच खातात, आणि कुरतडलेल्या भोकाला पिवळी कड कशाला येईल? पण विचारतंय कोण. मग दुकानदारानं लोहाची बाटली गळ्यात मारली. पानं पिवळी म्हणजे लोहच कमी, असं त्याचं शास्त्र. ती अर्धी संपली, फरक शून्य. मग दिवा बारा बारा तास. आता दादांकडून कळलं की ते तर उपाशी माणसाला शेतात जुंपण्यासारखं झालं. उजेड वाढला की झाड भराभर वाढतं, भूक वाढते, आणि जे कमी आहे ते आणखीच कमी पडतं. शेवाळाची मात्र दिवाळी झाली.

आणि हे ऐका, कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका म्हणाले, १९:१९:१९ खत टाका चमचाभर, माझी कुंडीतली झाडं बघा कशी आहेत! मी पुडी लपवून ठेवली म्हणून वाचले मासे. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं हो. कुंडीत ठीक आहे, पण पाण्यात अमोनिया म्हणजे माशांना विषच.

तर दादा. बशीत चहा ओतला, टाकीकडे बघितलं आणि एकच विचारलं, “भोकं खालच्या पानांस्नी हायत का शेंड्याच्या?” हे म्हणाले, खालच्या. “मग पालाश.” संपलं! तीन महिने आम्ही पानाचा रंग बघत होतो, पान कुठलं ते बघितलंच नव्हतं.

मला त्यांनी जे सांगितलं ना, ते अगदी आपल्या घरासारखं आहे बघा. पालाश, नत्र, स्फुरद, मॅग्नेशियम ही मंडळी झाडात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड म्हाताऱ्या पानांच्या तोंडचं काढून शेंड्याच्या पोरांना देतं. म्हणून आधी खालचं पान बिघडतं. नत्र कमी असेल तर ते सगळंच पिवळं पडतं, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, पालाश कमी असेल तर ही अशी भोकं. आणि लोह, कॅल्शियम? त्यांची बदली होत नाही. ज्या पानात रुजू झाले तिथूनच निवृत्त. ते कमी पडले की जुनी पानं मजेत असतात, हाल नव्याचे. लोहाला कोवळं पान फिकट पडतं, कॅल्शियमला मुरडतं.

ह्यांनी वाद घातलाच. म्हणे, माशांची विष्ठा असते की खत! दादा म्हणाले, असते, पण त्यातनं नत्र मिळतं, स्फुरद मिळतं, पालाश कितीसा मिळणार? नत्र पोटभर आणि पालाशाची बोंब, मग झाड पालाशाच्याच मापानं वाढणार. द्राक्षाचं देठ परीक्षण करतात तेव्हा हेच तर बघतात.

एवढी शेखी मिरवली आणि पुढच्या मिनिटाला स्वतःच फसले. जावा फर्नच्या जुन्या पानाखाली काळे ठिपके होते ओळीनं. दादा म्हणाले, करपा! कापा ती पानं. मी म्हटलं थांबा, आणि भिंग आणलं. प्रत्येक ठिपक्यातून केसासारखी मुळं आणि इवलंसं पान निघालं होतं. पिल्लं हो! ते फर्न पानावरच पिल्लं घालतं. दादांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “द्राक्षाला असलं काय नसतंय.” मला तो माणूस तिथे फारच आवडला. ह्यांनी मागे अशीच बाळंतीण पानं कापून फेकली होती, ते मात्र मी दादांपुढे काढलं नाही. टाकीतल्या क्रिप्ट नावाच्या झाडाची गोष्टही नाही काढली. जागा बदलली म्हणून पानं विरघळली, ह्यांनी मुळासकट फेकलं. मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटतं ते, खत कमी पडल्याचा तो रोगच नव्हे.

मग औषध काय, तर गाडीतच होतं. ०:०:५०, सल्फेट ऑफ पोटॅश, बागेला ड्रिपमधून सोडतात ते. टाकी दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे छप्पन्न लिटर. खडी वगळून पन्नास धरा. अर्धं पाणी बदललं आणि सव्वा ग्रॅम, अहो फक्त सव्वा ग्रॅम, तांब्यात विरघळवून ओतलं. लिटरला साधारण दहा मिलिग्रॅम पालाश झाला. माझा तो सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा आहे ना, केकसाठी घेतलेला? तो अखेर कामी आला. दिवा आठ तासांवर आणला, बाटली कपाटात. एका वेळी एकच गोष्ट बदला असं दादांनी बजावलं होतं, पण दिवा मीच हट्टानं कमी केला. विजेचं बिल मी भरते.

हो, परवा म्हटलं खरं, पण त्याला तीन आठवडे झाले. दिवस कसे जातात! त्या दिवशी मी हायग्रोफिलाच्या शेंड्याखाली लाल दोरा सैलसर बांधून ठेवला होता. आज बघितलं, दोऱ्याच्या वर चार जोड्या पानं, एकालाही भोक नाही. दोऱ्याच्या खाली चाळण आहे तशीच. फाटलेलं पान शिवलं जात नाही, म्हणून जुन्याकडे बघून औषध वाढवत बसायचं नाही.

आणि कोपऱ्यावरच्या काकांकडे काल हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्याकडेही झाडांची टाकी आहे, तीत पिण्याच्या फिल्टरचं आरओचं पाणी भरतात, नुसतं तेच, ‘एकदम शुद्ध’ म्हणून. शेंडे पाहिलेत? अळूवडीसारखे गुंडाळलेले! आरओत कॅल्शियमही जातं, मॅग्नेशियमही. टाकीत सोडतात तो कार्बन डायऑक्साइड गॅस कमीजास्त झाला तरी शेंडे वाकडे होतात म्हणे, पण आधी थोडं नळाचं पाणी मिसळून बघावं. मी काही बोलले नाही. १९:१९:१९ सांगणाऱ्याला मी कशाला शहाणं करू?

झाल्या का शिट्ट्या? दोनच? बरं, तुमची जास्वंद. दादा टक लावून का बघत होते ते सांगायचंच राहिलं. ती फांदी जरा वाकवा इकडे. हे बघा, खालची पानं हिरवीगार, शेंड्याची पिवळी, आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तुमच्या कुंपणाशी बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा पुरलाय ना, त्या मातीत लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही. हिराकसही तिथे वाया जाईल. चिलेटेड लोह घ्या, चुनखडीच्या जमिनीला चालणारं, असं विचारून. आमचा पालाश मागू नका, तो तुमच्या कामाचा नाही.