एकांडा शिलेदार

डिसेंबर लागला की आमच्या कोथरूडमध्ये एखादा तरी तरुण पायांत बर्फाचे बूट चढवून दूध आणायला निघालेला दिसतो. बूट पायाला बसवायचे असतात म्हणे. हा इसम एकटा हिमालयात निघालेला असतो. एकटा म्हणजे अगदी एकटा. तसं त्याने ऑफिसात, सोसायटीत, इस्त्रीवाल्याला आणि एका लग्नाच्या पंगतीत आत्याच्या जावेलाही सांगून ठेवलेलं असतं.

सह्याद्रीत त्याचं आता मन रमत नाही. १,६४६ मीटरच्या कळसूबाईला तो ‘वॉर्म-अप’ म्हणतो. हरिश्चंद्रगडावर फार गर्दी झाली, असं कळवळून सांगतो आणि उत्तराखंडातल्या केदारकंठ्याचं तिकीट काढतो. ऐन हंगामात तिथे निम्मं पुणं भेटतं, पण ते बर्फात भेटतं.

त्याचं दैवत राइनहोल्ड मेसनर. १९८० च्या ऑगस्टमध्ये मेसनर ऑक्सिजनशिवाय एकटा एव्हरेस्टवर गेला, हे तो आपल्या मुंजीतला प्रसंग असावा तसं सांगतो. मेसनरसाठी खाली तळावर नेना होल्गिन थांबली होती, हा तपशील मात्र तो गाळतो. वास्तविक त्याला तोच जास्त लागू पडतो. त्याच्यासाठी खाली आई, बाबा, बहीण आणि सोसायटीचा अख्खा ग्रुप थांबलेला असतो, रेंजची वाट बघत.

सामान भरणं हा आठवडाभराचा सोहळा. प्रत्येक वस्तूचं ग्रॅममध्ये वजन होतं. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला जातो, टी-शर्टांची लेबलं उसवली जातात. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो, म्हणून बाबांनी प्रेमाने दिलेली गंजी परत जाते. बर्फातली कुऱ्हाड आलेली असतेच. घसरलो तर ती रोवून कसं थांबायचं, याची तालीम दिवाणखान्यातल्या सतरंजीवर चालते. आणि मग शेवटच्या रात्री, तो झोपल्यावर, आई पिशवीच्या तळाशी दीड किलो डिंकाचे लाडू सारते.

आईची अट म्हणजे वाटाड्या. तो सांकरी गावात भेटतो. विशीतला पोरगा, पायांत रबरी गमबूट. आपला वीर बूट, गेटर्स आणि काटेरी पट्ट्या बांधेपर्यंत तो दोनदा पुढे जाऊन रस्ता बघून आलेला असतो. “चलें, भैजी?” वाटाड्या सोबत असला तरी मोहीम सोलोच राहते. त्याला मोजायचं नसतं, एवढंच. वाऱ्यावर उडणाऱ्या जॅकेटानिशी क्षितिजाकडे बघणाऱ्या एकाकी माणसाचे वीस फुटांवरून काढलेले ते सगळे फोटो त्याच पोराने काढलेले असतात.

मुक्कामावर रंगीत तंबूंची वस्ती असते. आपला वीर त्या वस्तीपासून पन्नास पावलं लांब तंबू ठोकतो. एकांत हवा ना! ताज्या भुसभुशीत बर्फात खुंट्या टिकत नाहीत, त्या आडव्या पुरून वर बर्फ तुडवावा लागतो, हे तो व्हिडिओत शिकलेला असतो. तो बोलून दाखवतो आणि खुंट्या पोरगा पुरतो. मग स्वयंपाक. पातेलंभर बर्फ वितळवलं की पेलाभर पाणी पदरात पडतं. कोरडं बर्फ तसंच चुलीवर ठेवलं तर पातेलं करपतं, तळाशी आधी घोटभर पाणी लागतं. ते घोटभर पाणी मागायला पन्नास पावलं चालून जावं लागतं. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळून मोकळं होतं, त्यामुळे खिचडीतली डाळ शेवटपर्यंत आपला बाणा सोडत नाही. रात्रीचं जेवण शेजारच्या नाशिककरांच्या तंबूत होतं. तिथे लाडू निघतात. थंडीने ते दगड झालेले असतात, पण गमबूटवाला पोरगा कडाकडा चार खातो.

रात्र ही खरी परीक्षा. स्लीपिंग बॅगच्या चिठ्ठीवर ठळक छापलेलं उणे वीस हे झोप लागण्याचं तापमान नसून काही तास जीव तगण्याचं असतं, हे त्याला रात्री अकराला उमगतं. थंडीत बॅटऱ्या मान टाकतात, म्हणून मोबाइल, पॉवरबँक आणि कॅमेरा बॅगेत. पाणी गोठतं, म्हणून बाटली बॅगेत. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायला नकार देतो, म्हणून गॅसची डबीही बॅगेत. ओले मोजे पोटाशी. एवढ्या सगळ्यांची सोय लावून उरलेल्या जागेत तो स्वतः.

आणि अडीच वाजता ती वेळ येते. थंडी आणि उंची, दोन्हींमुळे लघवी वाढते, यात त्याचा काही दोष नाही. पण सहा चेनी, दोन जॅकेटं आणि गोठून पत्रा झालेले बूट पार करून बाहेर पडायचं म्हणजे शिखर परवडलं. तो तासभर स्वतःशी वाटाघाटी करतो. उद्या सकाळपर्यंत निभेल, मन खंबीर असलं की शरीर ऐकतं वगैरे. शरीर ऐकत नाही. कूस बदलताना तंबूच्या आतल्या कापडावर त्याच्याच श्वासाचं गोठलेलं दव मानेत पडतं आणि प्रश्न निकाली निघतो.

पहाटे शिखराकडे निघावं तर वर डोक्यावरच्या दिव्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत तो एकटा चढतो. पुढचा थांबला की थांबतो, मागच्याने “चला ओ” म्हटलं की निघतो. साडेबारा हजार फुटांवर सूर्य उगवतो, समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ सोनेरी होतात आणि त्याचे डोळे खरोखर भरून येतात. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तो माणूस म्हणून फार चांगला दिसतो. मग तो फोटोसाठी जागा धरायला रांगेत उभा राहतो.

जानेवारीत सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मी आणि हिमालय’ हा स्लाइड शो होतो. चहा-बटाटेवडे असतात, त्यामुळे गर्दी चांगली होते. नाशिककरही मुद्दाम येतात. कुऱ्हाड टेबलावर मांडलेली असते, अजून धारेवरचा कागद न निघालेली. एकांत माणसाला काय देतो, यावर तो वीस मिनिटं बोलतो, आवाज जड होतो, टाळ्या पडतात. मग माइक ठेवता ठेवता त्याला आठवतं.

“हां, पुढच्या डिसेंबरात पुन्हा सोलो जातोय. कोण कोण येतंय, आत्ताच नावं द्या. तिकिटं मिळत नाहीत नंतर.”