देश पाहावा काढून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. देश पाहावा काढून, हे सांगायचं राहिलं. बहुधा काम फारच सोपं वाटलं असावं. रॉय बेट्स या माजी ब्रिटिश मेजरने १९६७ साली इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर, दुसऱ्या महायुद्धातल्या एका ओसाड सागरी बुरुजावर झेंडा रोवला, त्याला ‘सीलँड’ म्हटलं आणि स्वतःला राजपुत्र. पुढच्याच वर्षी तिथून झालेल्या गोळीबाराचा खटला उभा राहिला, तेव्हा बुरूज तीन मैलांच्या हद्दीबाहेर आहे, असं सांगून इंग्रज न्यायाधीशाने हात वर केले. झालं, सार्वभौमत्व सिद्ध! तिकिटं आली, नाणी आली, पासपोर्ट आले. उमरावपद तर आजही पैसे भरून मिळतं. २००६ साली या राष्ट्राला आग लागली. ती विझवायला बोट आली इंग्लंडची, धुरात सापडलेल्या माणसाला उचललं ब्रिटिश हवाईदलाच्या हेलिकॉप्टरने, आणि रुग्णालय होतं इप्सविचचं.

अशा स्वयंघोषित राष्ट्रांकडे बंडखोरी म्हणून कौतुकाने पाहायची रीत आहे. पण पुरावा तपासला तर हे स्वातंत्र्य सरकारपासून नसतं, सरकारच्या बिलापासून असतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेनर्ड कॅस्ली या शेतकऱ्याचं गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी बिनसलं आणि १९७० मध्ये त्याने आपल्या ७५ चौरस किलोमीटर जमिनीवर ‘हट रिव्हर’ नावाचं राज्य थाटलं. १९७७ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्धही पुकारलं. ऑस्ट्रेलियाने ते मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते करखात्याने. २०१७ साली कोर्टाने सुमारे तीस लाख डॉलर भरायला सांगितले, २०२० साली राज्य विसर्जित झालं आणि थकबाकीपायी जमीन विकायला निघाली. त्यापेक्षा नेवाडातलं मोलोसिया शहाणं: त्याचे अध्यक्ष मालमत्ताकर भरतात आणि त्याला अमेरिकेला दिलेली परकी मदत म्हणतात.

यावर कायदेपंडित म्हणतील, खरे देश तरी कुठे आकाशातून पडले? तेही कुणीतरी झेंडा रोवूनच सुरू झाले. बरोबर. १९३३च्या माँटेव्हिडिओ करारात देशाला चार अटी घातल्या आहेत: कायमची वस्ती, ठरलेली हद्द, सरकार आणि इतर देशांशी व्यवहाराची कुवत. नळाला पाणी येतं का, हे तिथेही कुणी विचारलेलं नाही. फरक एवढाच, की खऱ्या देशात पाणी आलं नाही तर मोर्चा न्यायला जागा असते. बरं, खेळच तो, कुणाचं काय बिघडतं? खेळ खेळणाऱ्यापुरता आहे तोवर काहीच नाही. पण जुलै २०२५ मध्ये गाझियाबादेत पोलिसांनी भाड्याच्या घरातली एक ‘वकिलात’ बंद केली. राजनैतिक पाट्यांच्या चार गाड्या, ४४ लाखांवर रोकड, आणि परदेशी नोकरीचं आमिष दाखवून फसवल्याचा आरोप. वकिलात होती वेस्टार्क्टिकाची, म्हणजे अंटार्क्टिकातल्या बर्फावर हक्क सांगणाऱ्या, तिथे एकही कायमचा रहिवासी नसलेल्या देशाची. त्या देशाने रीतसर खुलासा केला: ती वकिलात चालवणारे गृहस्थ आमचे मानद कॉन्सुल होते, राजदूत नव्हेत.