दातेसाहेब

दातेसाहेबांचं खरं आडनाव दुसरंच काहीतरी आहे, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलंय. 'दाते' हे सोसायटीच्या पार्किंगनं केलेलं बारसं. डांबरावरही धावेल आणि दगडधोंड्यांतही चालेल अशी मोटरसायकल घ्यायची, आणि मग तिच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीला, नेमके किती दात असावेत या काळजीत रात्रीची झोप घालवायची, अशी माणसं हल्ली कोथरूड-बाणेरपासून कोल्हापूरपर्यंत कुठेही भेटतात. पन्नाशी जवळ आलेली, गृहकर्ज फिटलेलं, मुलं हाताशी आलेली आणि गुडघे अजून बरे. माणसाच्या आयुष्यातली ही वेळ फार धोक्याची.

त्यांची गाडी म्हणजे ४११ सीसीची हिमालयन, २०१६ साली बाजारात आली ती. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं सतरा. कंपनीनं पुढच्या, इंजिनाकडच्या स्प्रॉकेटला १५ दात दिले आणि मागच्या, चाकाकडच्याला ३८. दुसरा कोणी असता तर किल्ली फिरवून निघाला असता. दातेसाहेबांनी ३८ ला १५ नं भागलं. उत्तर २.५३ आलं. तेव्हापासून त्या घरात शांतता नाही.

प्रकरण तसं सोपं आहे. पुढचा एक दात कमी केला की ३८ भागिले १४, म्हणजे २.७१. ओढ सात टक्क्यांनी वाढली. चढावर, सुट्या खडीत, पहिल्या गिअरमध्ये सारखा क्लच न दाबता मुंगीच्या पावलानं जाता येतं. पण हायवेवर ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत होतं, त्याच वेगाला आता ५३५७ घेणार. हा आकडा दातेसाहेब असाच सांगतात, ५३५७. 'साधारण साडेपाच हजारांच्या आत' म्हणणाऱ्या माणसाकडे ते कीव आल्यासारखं बघतात. मागचे दात वाढवून हाच परिणाम साधायचा तर ३८ चे जवळजवळ ४१ करावे लागतात, स्प्रॉकेट महाग पडतं, कदाचित चेनही लांब घ्यावी लागते. म्हणून शहाणा माणूस पुढचंच बदलतो. पण पुढचं लहान केलं की चेनला जास्त करकचून वळावं लागतं आणि ती लवकर झिजते. ही बाजूही त्यांना तोंडपाठ. दोन्ही बाजू तोंडपाठ असणं हाच खरा आजार.

या सगळ्याची त्यांनी एक एक्सेल फाईल केली आहे. सोसायटीत तिला 'दाते पंचांग' म्हणतात. ताम्हिणीला कोणती जोडी, वरंध घाटाला कोणती, पावसाळ्यात काय, खंबाटकी चढताना काय, सगळे योग त्यात मांडलेले आहेत. एक रकाना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आहे. तिथे दुचाकीला बंदी आहे हे मी त्यांच्या कानावर घातलं. "असू दे हो, आकडा काढून ठेवलेला बरा." आणखी एक रकाना 'सहकुटुंब' नावाचा होता. मागे बसणाऱ्याच्या वजनाशिवाय चढाचं गणित सुटत नाही, त्यामुळे त्यात वहिनींचं वजन होतं, दशांश चिन्हासकट. ते एकदा वहिनींच्या दृष्टीस पडलं. त्या आठवड्यात दातेसाहेब पार्किंगमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिसले.

प्रत्यक्षात गाडी कुठे जाते? कोथरूडहून हिंजवडीला. सकाळी बसच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, संध्याकाळी टँकरच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. त्या वाटेवर पुढे चौदा असले काय आणि पंधरा असले काय, धूर तेवढाच गिळायचा.

दात मोजण्याची त्यांची एक पद्धत आहे. कंपनीच्या कागदावर विश्वास नाही, त्यामुळे प्रत्येक स्प्रॉकेट स्वतः मोजायचं. गोल वस्तूवर मोजणी चुकते, म्हणून सुरुवातीच्या दातावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. बाटली अर्थातच वहिनींची, मरून. मग एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातानं चाक हळूहळू पुढे, ओठ हलतायत. वॉचमन पहिल्यांदा घाबरला होता. त्याला वाटलं, साहेब जप करतायत.

कोलोराडोत त्यांचा एक मावसभाऊ असतो. त्याच्याकडे केएलआर ६५०; तिला पुढे १५, मागे ४३. तिकडचे रस्ते लांब आणि सरळ, त्यामुळे तो पुढे सोळा लावून बसलाय, आणि डोंगरात गेला की चौदासाठी तळमळतो. दोघांचं पहाटे फोनवर बोलणं चालतं. त्याच्या गाडीचं मुळातलं उत्तर २.८७ येतं हे कळल्यावर दातेसाहेब दोन दिवस कष्टी होते. आपलं फक्त २.५३! इंजिनापासून क्लचपर्यंतचं गुणोत्तर वेगळं, गिअरबॉक्सच्या आतले आकडे वेगळे, टायरचा घेर वेगळा. दोन निराळ्या गाड्यांच्या या शेवटच्या भागाकाराची तुलना करून काही हाती लागत नाही. हे त्यांना माहीत नाही असं नाही. पण भावकीत तुलना गणितानं थांबत नाही.

शेवटी एका शनिवारी ते मला घेऊन नाना पेठेत गेले. मिस्त्रीनं पुढचं झाकण उघडलं. आत वंगण आणि माती मिळून झालेला काळा चिखल. तो त्यानं पेचकसानं खरवडला, फडक्यानं पुसला, आणि दात दिसले. एका बाजूला कललेले, टोकं आकड्यासारखी वळलेली. दातेसाहेबांनी एवढ्या वेळा मोजलेले ते दात त्यांनी पाहिलेच नव्हते.

"साहेब, चेनला तेल कधी घातलंत?"

साहेब २.७१ बद्दल सांगत होते.

"ते करू आपण. चौदाचा टाकतो. पण सेट सगळा बदला, चेन आणि मागचा स्पॉकेटपण. जुनी चेन नवीन दात खाऊन टाकते." मग चेन बोटानं वरखाली करून, "आणि ही एवढी ढिली ठेवू नका. एक दिवस उतरेल, तेव्हा चौदा पण नाही न् पंधरा पण नाही."

स्प्रॉकेटवरचं एवढं अर्थपूर्ण भाष्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. माझं मत विचाराल तर दुहेरी कामाच्या गाडीला अचूक गिअरिंग नसतंच. डोंगर जास्त असेल तर एक दात कमी करावा आणि तेल घालून निघावं. पण दातेसाहेबांना हे सांगणं म्हणजे त्यांचा संसार मोडण्यासारखं. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. यांनी दोन्ही संच डब्यात भरून ठेवलेत. घाटाच्या पायथ्याशी थांबून पंधराचं काढायचं, चौदाचं बसवायचं, वर जाऊन यायचं, परत बदलायचं, असा बेत आहे. पान्हे, हातमोजे, बसायला सतरंजी, सगळं बॅगेत तयार. घाट तेवढा बाकी आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गिअर नाहीत, क्लच नाही, चेन नाही, घातलेल्या तेलाचा हिशेब नाही. वहिनींनी पेढे वाटताना हे तीनतीनदा सांगितलं, आवाजात सुटका होती. दातेसाहेबही शांत दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून येतो तो पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागच्या चाकापाशी ते गुडघे टेकून बसलेले, मोबाइलची बॅटरी लावलेली.

"चेन नाही, पट्टा आहे," ते मान न वळवता म्हणाले. "आणि पट्ट्याला दात आहेत!"

वरच्या गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, "आधी ती बाटली वर आणून द्या!"