सव्वातीनशे घोडे आणि सीएनजीची टाकी

'रिस्टोअर केलेली, मॉडिफाय केलेली क्लासिक अमेरिकन मसल कार विकणे आहे.' अशी जाहिरात दिसली की मुंबईकर आधी किंमत विचारतो, मग ती उभी कुठे करायची ते विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं की मॉडिफाय केलीय ती कुठल्या दिशेने? अमेरिकेत गाडी सुधारायची म्हणजे आणखी मोठं इंजिन, आणखी रुंद टायर आणि शेजाऱ्याची झोप उडवणारा सायलेन्सर. मुंबईत, त्यातही रिफायनऱ्यांलगतच्या माहुलसारख्या ठिकाणी ही गाडी ठेवायची असेल, तर तिला उलट्या दिशेनेच सुधारलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे ताकद काढून घेत घेत तिला माणसात आणायची.

हे मत हवेतलं नाही, कुर्ल्याचं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि माहुलहून फार दूर नसलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या. या अवाढव्य गाड्यांचं पुढे काय झालं? पेट्रोल परवडेना, तेव्हा कित्येकींच्या बॉनेटखाली डिझेल इंजिन बसलं आणि त्या निमूटपणे भाडी मारू लागल्या. खुद्द कारखान्यानेही हाच रस्ता धरला. डॉजवाल्या कुर्ल्यातून पुढे १०८९ सीसीची फियाट बाहेर पडू लागली, जिचं नाव नंतर पद्मिनी झालं. ज्या १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून मसल कारचं युग मोजतात, तिचं इंजिन ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं, आणि ताकद ३२५ घोड्यांची. एका जीटीओच्या पोटात जवळजवळ सहा पद्मिन्यांची इंजिनं मावतात, आणि सहा पद्मिन्यांनी चोवीस माणसं मीटर टाकून घरी पोचवली असती.

यावर जुन्या गाड्यांचे भक्त चिडणार. त्यांच्या लेखी मूळ रूप पवित्र, त्याला हात लावणं पाप. पण जीटीओचं मूळ रूप होतं तरी काय? पाँटिॲकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी मोठ्या गाडीचं इंजिन टेम्पेस्ट या मधल्या गाडीत बसवलं आणि नवं मॉडेल म्हणून नव्हे, तर 'जादा सोय' म्हणून विकलं. वरिष्ठांना कळेपर्यंत गिऱ्हाइकांची रांग लागली होती. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुषच जुगाडातून जन्मलेला. त्याच्या वारसाने सोवळं पाळावं हा आग्रह जरा जास्तच झाला.

कायद्याची हरकत मात्र झटकून टाकता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय रोजच्या वापराला बंदी आहे. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. कोथिंबीर आणायला नेली तर नियमभंग! थोडक्यात, रिस्टोअर केल्याने जे पदरात पडतं ते मॉडिफाय केल्याने जातं. व्हिंटेजचा नाद सोडला तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. पण याच कलमात एक खिडकी उघडी आहे. दुसऱ्या इंधनावर चालावी म्हणून मंजूर किट बसवायला, अटी पाळून, मुभा आहे. मोठं इंजिन नको म्हणणारा कायदा सीएनजीपुढे मऊ होतो, आणि डिकी तर अशी ऐसपैस की टाकी ठेवूनही दोन बॅगा राहतील.

'पण माहुलला सीएनजी कशाला, पेट्रोलचं माहेर तिथेच आहे,' असं कुणी म्हणेल. खरंय, दोन-दोन रिफायनऱ्या तिथे आहेत, आणि त्यातली १९५४ ची तर स्टॅनव्हॅक या अमेरिकन कंपनीने उभारलेली, आता हिंदुस्थान पेट्रोलियमची. पण रिफायनरीच्या भिंतीला लागून राहिल्याने लिटरमागे सवलत मिळत नाही, वास तेवढा फुकट मिळतो. तो वास गमतीचा नाही. तिथल्या हवेपायी पुनर्वसनातल्या कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने कुणालाही माहुलला जबरदस्तीने पाठवू नका असं बजावलं. अशा वस्तीत ६.४ लिटरचा धूर सोडणाऱ्याला रसिक म्हणायला माझी तयारी नाही.

उरला वेगाचा युक्तिवाद. चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे लागतो आणि रस्ता मोकळा मिळतो हे मान्य. पण तिथली मर्यादा ताशी ८० ची, आणि तेवढं तर धडधाकट पद्मिनीलाही जमायचं. तेव्हा विकणाऱ्याने जाहिरातीतले सव्वातीनशे घोडे खुशाल गाळावेत आणि सीएनजीवर किलोमागे किती किलोमीटर देते ते ठळक छापावं. गिऱ्हाईक फोनवर पहिलं तेच विचारणार आहे.