आवाज येऊन राहिला ना!

प्रति,
डीव्हीडीचं पेनड्राइव्ह करून देणाऱ्या दुकानाचे मालक,
सीताबर्डी, नागपूर

विषय : आमच्या ताईचं १९९८ सालचं लग्न, तुम्ही लावून दिलं तसं.

महोदय,


सर्वप्रथम अभिनंदन. जगात आधी वीज चमकते, मग गडगडाट होतो. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये आधी गडगडाट होतो. अंतरपाट अजून धरलेला आहे, नवरानवरी हार घेऊन ताटकळली आहेत, भटजींचा हात हवेत आहे, आणि बँडवाले जोरात सुटलेले आहेत. पुढे पंगतीत ताईचा उखाणा ऐकू येतो, तेव्हा पडद्यावर दिसतात तिचे मामेसासरे. तोंडात जिलबी, मिशीला मठ्ठा, आणि ताईच्या गोड आवाजात ते भाऊजींचं नाव घेतात. त्यावर बायकांचा हशा पिकतो, तो वाढप्याच्या पातेल्यावर. दीड मिनिटाने ताई स्वतः तोंड उघडते, लाजते, पदर सावरते. तोवर तिचा आवाज केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

हे सांगायला आम्ही दुकानात आलो. काउंटरवरच्या तुमच्या पोराने मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, "आवाज येऊन राहिला ना भाऊ? चित्र दिसून राहिलं ना? मंग?" या "मंग"ला उत्तर नाही. चपला विकत घ्याव्यात, दोन्ही डाव्या पायाच्या निघाव्यात आणि दुकानदाराने म्हणावं, चपला दोन आहेत ना?

फारच लावून धरलं तेव्हा त्याने उपाय सांगितला. व्हीएलसीमध्ये लावा आणि 'के' दाबा, आवाज मागे सरकते. खरं आहे, सरकतो. एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद. मंगलाष्टकं येतात अर्ध्या तासावर आणि तिथे आवाज सव्वा मिनिट पुढे आहे. म्हणजे बटण सुमारे दीड हजार वेळा दाबायचं. तेवढं केलं की एक मिनिट सुख लागतं. मग पुन्हा पन्नासेक वेळा दाबायचं, कारण तुमचा आवाज दर मिनिटाला आणखी अडीच सेकंद पुढे पळतो. लग्न बघायचं की शिलाई मशीन चालवायचं?

अडीच सेकंद कुठून आले, ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्या मापाने आपण टीव्हीची पाल पद्धत घेतली, सेकंदाला २५ चित्रांची. ताईचं लग्न व्हीएचएसवर शूट झालं ते २५ ने, पुढे डीव्हीडी झाली तीही २५ ची. तुमच्या एमपी-फोर फाइलची माहिती उघडून बघा. तिथे २३.९७६ लिहिलेलं आहे. हा आकडा अमेरिकेचा. सिनेमाची सेकंदाला २४ चित्रं तिकडच्या टीव्हीच्या गतीत बसवताना तो तयार झाला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीतरी एखादा इंग्रजी पिक्चर काढला असेल, तेव्हापासून खूण तिथेच राहिली असेल, आणि त्यानंतर नागपुरातली किती लग्नं अमेरिकेच्या चालीने लागली, ते देव जाणे. चित्रं तेवढीच राहिली, पण धीम्या गतीने चालू लागली. तासाभराचं चित्र साडेबासष्ट मिनिटांचं झालं. आवाज मात्र आपला साठ मिनिटांत घरी.

सुरुवातीला तुम्हाला हे कळलं नाही, कारण सुरुवातीची दहा मिनिटं मिक्सिंगवाल्याने गणपतीवर, मंडपाच्या कमानीवर आणि दिलाच्या आकारात फिरणाऱ्या ताईवर सनई घातलेली आहे. सनईला ओठ नसतात. तुम्ही पहिलं अर्धं मिनिट बघितलं, सनई ऐकली, पेनड्राइव्ह पाकिटात घातला.

इतकं मोठं होऊ द्यायची गरजही नव्हती. माणसाच्या कान-डोळ्याला किती चूक जाणवते, याचं माप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ सालीच, म्हणजे ताईच्याच लग्नाच्या वर्षी, कागदावर मांडलं. आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला तर जाणवायला लागतो. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच. हा भेद निसर्गाने घातलेला आहे. मंडपात तीस मीटर मागे बसलेल्या माणसालाही भटजींचा शब्द ९० मिलिसेकंद उशिराच पोचतो, आणि त्याने कधी तक्रार केलेली नाही. उशिराची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तोंड उघडण्याआधी शब्द ऐकू येण्याची सवय कुणालाच नाही. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा सिनेमा मराठीत बोलला, तेव्हापासून ओठ आणि शब्द जुळवायचं काम माणसं करत आली आहेत. सिनेमावाले कॅमेऱ्यासमोर फळी आपटतात तेही त्यासाठीच.

आणि हा रोग असाध्य नाही हो. आवाज सगळीकडे सारखाच मागेपुढे असेल, तर तेवढा एकदाच सरकवायचा. ओरखड्यांमुळे डीव्हीडी मधेच अडकून तिथून पुढे बिघडला असेल, तर तो तुकडा नीट साफ करून पुन्हा काढायचा. आणि आमच्यासारखा हळूहळू वाढत जात असेल, तर बहुधा गतीचा आकडा चुकलेला असतो, तो दुरुस्त करायचा. एमकेव्ही टूलनिक्स नावाचं फुकटचं साधन आहे. त्यात २५ लिहायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. चहा निवायच्या आत लग्न जागेवर येतं.

बाकी किरकोळ गोष्टी सोडून देतो. चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळे सगळं वऱ्हाड एका रात्रीत सुटलं, हे सोडून देतो. गणपतीच्या सोंडेवर तुमचा मोबाइल नंबर आहे, तेही सोडून देतो. फाइलचं नाव 'न्यू फोल्डर कॉपी' आहे. असू द्या.

पण पाठवणी सोडत नाही. चित्र लांबलं आणि आवाज आधी संपला, म्हणून शेवटची अडीच मिनिटं मुकी आहेत. त्या अडीच मिनिटांतच आमचे बाबा ताईच्या सासऱ्यांचे हात धरून बोलतात. "पोरगी सांभाळून घ्या जी," एवढंच, पण ते बोलताना त्यांचा आवाज फाटतो. बाबा २०११ साली गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे त्या एका जागेवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तुमच्या फाइलमध्ये तो ऐकू येतो, रुखवताची ताटं गाडीत रचणाऱ्या दोन गड्यांवर. आणि बाबा दिसतात तेव्हा त्यांचे ओठ नुसतेच हलतात. आईने ते पाहिलं आणि टीव्ही बंद केला. वर तुमच्या पोराने पाकीट देताना सांगितलं होतं, "आता डीव्हीडी फेकून द्या, कायले कचरा ठेवता?" कचरा! आई घरातलं काही फेकत नाही, म्हणून ती डीव्हीडी वाचली. दुसऱ्या ज्या आईने तुमच्या पोराचं ऐकलं असेल, तिचं काय केलंत तुम्ही? तिला काय पैसे परत देणार?

रागाच्या भरात मी तुमच्या जुन्या धंद्याबद्दलही चार शब्द लिहिणार होतो, पण ते हातून उतरेनात. तुम्हीच एकदा म्हणालात, पूर्वी लग्नं शूट करायचो. मे महिन्यातलं नागपूर, पंचेचाळीस डिग्री, खांद्यावर व्हीएचएसचा धोंडा, बाजूला हॅलोजन धरलेला पोरगा, आणि सगळ्यांच्या पंगती उठल्यावर थंड झालेली बुंदी. ताईच्या लग्नातही असाच कुणीतरी होता आणि बाबांचा आवाज फाटला तेव्हा त्याने कॅमेरा हलू दिला नाही. मग कॅसेटी गेल्या. २८ रुपयांत व्हीसीडी विकणारी मोझर बेअर आली, २०१८ मध्ये तिचीही दिवाळखोरी निघाली. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी फुनाईने २०१६ सालीच हात टेकले होते. प्रत्येक वेळी तुम्ही नवं यंत्र कर्जाने घेतलं आणि ते फिटायच्या आत जुनं झालं. आता लग्नात ड्रोनवाला येतो आणि तुम्ही काउंटरमागे बसता. कुणी तुम्हाला २५ आणि २३.९७६ मधला फरक शिकवला नाही, हेही मला दिसतं.

पण हॅलोजनच्या उकाड्यात कॅमेरा स्थिर धरणारा माणूस फाइल शेवटपर्यंत बघत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून मागण्या मोजक्याच. फाइल देण्याआधी ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडा, आणि तिन्ही ठिकाणी कुणीतरी बोलत असेल अशी जागा शोधा, सनईची नको. गतीच्या रकान्यात २५ आहे का, ते बघा. आणि काउंटरवरच्या पोराला सांगा, गिऱ्हाइकाला डीव्हीडी फेकायला सांगितलंस तर पगार कापीन. एवढं जमत असेल तर मी डीव्हीडी घेऊन पुन्हा येतो, दुसऱ्यांदा पैसेही देतो. जमत नसेल तर पाटीवर लिहा, "इथे फक्त सनई काढून मिळेल."

कळावे,
ताईचा भाऊ