अगं बया, पोरं बोलायला लागली!

अय्यो, ऐकलंत का? जुळे सोलापुरात एका नववीतल्या पोरीनं घरातलं पाणी भरणं जगाला दाखवलं!

चोरी नव्हे, पळून जाणं नव्हे, पाणी भरणं. पण वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी नळाची वाट बघणाऱ्या या शहरात पाण्याचा दिवस हा घरातला सगळ्यात खासगी प्रसंग असतो, हे सोलापूरकरांना मी काय सांगावं! पहाटे गल्लीतून हाक येते, "पाणी आलंय!", की मोटार, पाइप, पिंपं, घागरी, कुकरची भांडी, सगळं घर एकदम हलायला लागतं. पोरीनं काय केलं, खिडकीतल्या शेंगाचटणीच्या बरणीला मोबाईल टेकवून ठेवला. समोर गाऊनवर टॉवेल घेतलेली आई पाइपच्या तोंडाला अंगठा लावून उभी, वडील लुंगी खोचून टाकीच्या शिडीवर, आजी खुर्चीतून "आधी पिण्याचं भरा गं, पिण्याचं!" म्हणून हुकूम सोडतेय. या सगळ्यावर कार्टीनं वरातीचा बँड लावला आणि खाली लिहिलं, "आमच्याकडं दर पाच दिवसांनी लग्न असतं."

दुपारपर्यंत आख्ख्या शाळेनं पाहिलं, संध्याकाळपर्यंत आईच्या भिशीनं. आईचा आक्षेप पाणी दाखवल्याला नव्हताच. "सांगायचं तरी होतंस, बरा गाऊन घातला असता!" वडील दोन दिवस घुम्यासारखे गप्प. मागाहून कळलं की ते ऑफिसात स्वतःच सगळ्यांना दाखवत फिरत होते.

एकटीचं खूळ असतं तर सोडून दिलं असतं. पण नववी-दहावीच्या पोरांना ही बाधा सरसकट झालीय. कोणी क्लासहून येताना सायकलची चेन पडल्याचं दुःख सांगतो. कोणी चाचणीचे गुण घरी सांगण्याआधीची पाच मिनिटं दाखवते, दाराबाहेर चप्पल काढतानाचा चेहरा फक्त. कोणी मे महिन्यातल्या भर दुपारी विजापूर रोडवरून चालत जात, घामानं डबडबून, "सुट्टी लागली म्हणतात ती हीच का?" असं विचारतो. शिव शिव! दुःखं काय आम्हाला नव्हती? पण ती उशीत तोंड खुपसून उरकायची असत. त्यांना गच्चीवरचा संध्याकाळचा उजेड लागत नसे.

आणि भाषा! "काय करूलालास बे?" हे वाक्य शाळेनं किती वर्षं झटून आमच्या जिभेवरून खरवडलं होतं. मराठीच्या बाईंसमोर 'बे' निघाला की पट्टी ठरलेली. आता ही पोरं तोच 'बे' मोबाईलमधून पुण्या-मुंबईला पाठवतात, आणि तिकडची पोरं म्हणे आवडीनं ऐकतात. पूर्व भागातला एक पोरगा तर आजीशी तेलुगूत, दोस्ताशी दखनीत, किराणावाल्याशी कन्नडमध्ये आणि सरांशी पुस्तकी मराठीत बोलतो, सगळं अर्ध्या मिनिटात. त्यात त्यानं खोटं काहीच घातलेलं नाही. सोलापुरात दूध आणायला गेलेलं पोरगंसुद्धा एवढं बोलून येतं. पण ते दाखवायचं असतं का? गावाची अब्रू आहे काही!

शाळांचं म्हणणं आहे की पोरांनी व्यक्त व्हावं, पण योग्य मार्गानं. योग्य मार्ग दहावीच्या मराठीच्या पुस्तकातच आहे. धड्याखाली प्रश्न असतो, 'स्वमत'. म्हणजे विद्यार्थ्याचं स्वतःचं मत. ते कुठं मिळतं? गाइडमध्ये. छापील, मुद्देसूद, गुणांच्या मापानं कापलेलं. कवितेनं आपलं मन कसं हेलावलं, हे सगळा वर्ग एकाच शब्दांत सांगतो, एकाच ओळीत गहिवरतो आणि परीक्षेत पूर्ण गुण घेतो. एखाद्या बहाद्दरानं खरोखर स्वतःचं लिहिलंच, तर बाई समासात लाल शाईनं विचारतात, "हे कुठून आणलं?" त्याच वर्गातलं एखादं पोरगं घरी येऊन मोबाईलसमोर सांगतं की मला ही कविता अजिबात कळली नाही, पण बाईंना सांगायची भीती वाटते. माझ्या हिशेबात त्या दिवशीचं एकमेव स्वमत हेच. त्याला गुण नाहीत.

बरं, मोबाईल अभ्यासात घुसवला कोणी? याचा एक धागा आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात सापडतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापून आले, आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मग आता पोरगं "अभ्यासासाठीच घेतलाय" म्हणून मोबाईल घेऊन गच्चीवर जातं, तेव्हा कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

जुन्या लोकांनी फार नाकं मुरडू नयेत. भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर बाण मारलेला बदाम आणि दोन आद्याक्षरं कोरणारे गडी आज नातवंडांना घेऊन त्याच बागेत येतात. भिंतीकडं पाठ करून बसतात, एवढंच. बाकावर कर्कटकानं नाव कोरणं, स्नेहसंमेलनात फिशपाँडच्या चिठ्ठ्या टाकून एखाद्या बिचारीला रडवणं, दहावीच्या निरोपाला स्लॅम बुकात 'पहिलं क्रश' या रकान्यापुढं लाजून 'आई' लिहिणं, हे सगळं सभ्य घरातल्याच पोरांनी केलंय. त्याला पाहणारे चाळीस होते, याला चार हजार.

आणि सैराट विसरलात? २९ एप्रिल २०१६ ला तो लागला आणि जिल्ह्यातल्या आईबापांची झोप उडाली. पोरी बुलेटकडं बघायला लागल्या! दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, नायिका अकलूजची, तेव्हा शाळेतच असलेली रिंकू राजगुरू. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. पण महाराष्ट्राला जास्त काळजी तिच्या दहावीची. २०१७ साली निकाल लागला, ६६.४० टक्के, आणि जणू प्रत्येकाच्या घरचीच गुणपत्रिका असल्यासारखी चव्हाट्यावर चर्चा झाली. शाळकरी पोरीनं एवढं काम केलं, आणि लोक विचारत होते, गणितात किती? त्याआधी फँड्रीतला जब्या, म्हणजे केमचा सोमनाथ अवघडे. हलगी वाजवणारं हे पोरगं मंजुळेंच्या नजरेस पडलं आणि त्यानं बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक आणलं. आज कोणी गल्लीत हलगी वाजवून रील काढलं तर आपण काय म्हणतो? अभ्यास नाही का रे तुला?

एक गोष्ट मात्र थट्टेत घालता येत नाही. कमी वयात बोलणं सोलापुरात नवं नाही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन विशीत 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत होते. पोरांची रिलं त्या पंगतीत बसत नाहीत, बसवायचीही नाहीत. पण 'एवढ्याशा वयात कसलं मत' हे वाक्य या गावात जरा जपून वापरावं.

आता मोठ्यांकडं वळू, कारण खमंग ते तिकडंच आहे. पोरीनं स्वतःचा फोटो टाकला की "एवढं मिरवायचं कशाला" म्हणणारे काका कुठं भेटतात? चौकात. दहा फुटी फ्लेक्सवर, काळा गॉगल लावून, हात जोडून, वाढदिवसानिमित्त. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, त्यात तीच पोरगी वडिलांच्या कडेवर. तिची परवानगी कोणी घेतली होती? गड्ड्याच्या यात्रेत घरातला पोरगा पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत चालला, की त्याचं रील अख्खं घर आलेल्या-गेलेल्याला दाखवतं, मामा बेळगावहून फोन करतो. त्याच पोरानं दुसऱ्या दिवशी "मला विज्ञान शाखा नकोय" म्हणून वीस सेकंद बोलून दाखवलं, की घरात सुतक. म्हणजे पोरानं दिसावं, पण बोलू नये.

पोरं हे केव्हाच ओळखून आहेत. म्हणून त्यांची दोन खाती असतात. एक घरच्यांसाठी. त्यात गणपती, आजीची पंचाहत्तरी आणि तुळजापूरचं दर्शन. मावश्या त्यावर बदाम देतात आणि "किती गुणी गं!" म्हणतात. दुसरं खरं. नाव असं विचित्र की मावशीला सात जन्मांत सापडू नये. तिथं ज्याच्यावर विश्वास त्यालाच हिरव्या वर्तुळातली स्टोरी दिसते आणि चोवीस तासांत ती पुसली जाते. आमच्या वेळी डायरीला छोटं कुलूप असायचं आणि किल्ली आईला ठाऊक असायची. या कुलपापुढं आईचं काही चालत नाही.

कायदा काय म्हणतो? इन्स्टाग्रामचा स्वतःचाच नियम आहे की तेराच्या आत प्रवेश नाही. म्हणून खातं उघडताना पाचवीतली पोरं एकदम १९९५ साली जन्मतात. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठराच्या आतलं प्रत्येक जण बालकच आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ते टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं. ऑस्ट्रेलियानं तर डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातंच नाही असं केलं. आपल्याकडं संमती विचारायला पालकांच्या मोबाईलवर संदेश येईल, आणि तो मोबाईल पोराच्याच हातात असेल.

काळजी करण्यासारखं खरंच आहे, फक्त आपण चुकीच्या ठिकाणी बोट दाखवतो. त्या पाण्याच्या रीलखाली शाळेतल्या मैत्रिणींनी हसून लिहिलं होतं. आणि मधे मधे, प्रोफाइलला बायको-मुलांसकट फोटो लावलेले दोन-तीन मोठे गृहस्थ, त्या चौदा वर्षांच्या पोरीबद्दल असं काही लिहून गेले होते की ते इथं छापता येत नाही. तिनं आईला दाखवलं नाही, स्वतःच पुसलं आणि कॉमेंट बंद केल्या. गल्लीत आठवडाभर चर्चा झाली ती आईच्या गाऊनची. त्या गृहस्थांची एका शब्दानं झाली नाही. लाज कोणाला वाटायला हवी होती, हे निदान आपल्याला कळायला हवं होतं.

तेव्हा काका-मामांनो, पोरांच्या रीलखाली लिहायचंच असेल तर स्वतःच्या घरात मोठ्यानं वाचता येईल तेवढंच लिहा. आणि रविवारी संध्याकाळी कंबर तलावावर एखाद्या पोरानं "काका, जरा शूट करता का?" म्हणून मोबाईल हातात दिला, तर तो उभा धरा. आडवा धरलात तर पोरं "थँक्यू काका" म्हणतात आणि तुमची पाठ वळली की पुन्हा काढतात.