वजन ठेवा, पुढे सरका

नॉर्वेजियन माणसाला बोलतं करायचं असेल तर हवापाण्याची विचारपूस उपयोगाची नाही, आणि राजकारण तर नाहीच नाही. ‘आज कुठलं मेण लावलंत?’ एवढंच विचारावं. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी असूनही उभा राहणारा ऑस्लोचा गृहस्थ हे ऐकून टोपी मागे सारतो, बॅग खाली ठेवतो आणि स्वतःचा थांबा निघून गेला तरी बोलत राहतो.

ही युक्ती मला भाच्याने शिकवली. भाचा ऑस्लोत नोकरीला, बायको तिथलीच. तिचे वडील, म्हणजे माझ्या बहिणीचे व्याही, सत्तरी ओलांडलेले, सडपातळ आणि मेणाच्या बाबतीत कमालीचे कर्मठ. भाचा मला मामा म्हणतो हे ऐकून त्यांचा समज झाला की माझं नावच मामा. बहिणीने एकदा खुलासा केला, पण तोवर उशीर झाला होता. ईस्टरच्या सुट्टीत हे दोघे मला घेऊन फिन्सेला निघाले. सूनबाई घरीच राहिली. ईस्टरला रहस्यकथा वाचायची इकडे रीतच आहे. शिवाय वडील आणि त्यांची मेणाची पेटी एकाच डब्यात असताना प्रवास करण्याइतकी ती भाबडी नव्हती.

फिन्से हे बर्गन रेल्वेवरचं, १,२२२ मीटर उंचीचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. मोटाररस्ता नाही. गाडीतून उतरायचं, गाडी निघून गेली की चारी दिशांना पांढरं. अंटार्क्टिकाला जाण्याआधी १९१४ साली शॅकल्टन मोटारीच्या घसरगाड्या तपासायला इथेच आला होता. १९७९ मध्ये ‘स्टार वॉर्स’वाल्यांना बर्फाचा परग्रह हवा होता, तेव्हा त्यांनीही कॅमेरे इथेच आणले. मात्र या परग्रहावर कॉफी चांगली मिळते.

आता मेणाचं प्रकरण सांगायलाच हवं. डोंगरात भटकायच्या टेलिमार्क स्कीवर बुटाची टाच मोकळी असते, नुसता चवडा अडकवलेला. स्कीचा तळ मधोमध किंचित उचललेला असतो. नुसतं घसरत असताना पुढचं टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, मधला भाग जेमतेम. त्या मधल्या भागाला पकडीचं मेण लावतात. पाऊल दाबलं की कमान सपाट होते, बर्फाचे कण मेणात रुततात, स्की जागच्या जागी धरून राहते आणि माणूस पुढे झेपावतो. भार काढला की कण सुटतात आणि स्की पुन्हा घसरायला मोकळी. आपल्याकडच्या सरकारी फायलीचाच न्याय: वजन ठेवलं की काम पुढे सरकतं. हे मी व्याह्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘किती किलो?’

अडचण अशी की मेण बर्फाच्या स्वभावाप्रमाणे निवडावं लागतं, आणि बर्फ तासातासाला बदलतो. ताज्या, थंड बर्फाचे कण टोकदार, त्यांना कडक मेण. जुन्या, ओलसर बर्फाचे कण झिजून गोल झालेले, त्यांना मऊ. मेण गरजेपेक्षा कडक असेल तर पाय मागे घसरतो. गरजेपेक्षा मऊ असेल तर बर्फ चिकटतो तो सुटतच नाही. लाकडी स्कीच्या जमान्यात चीडाचं डांबर लावत. १९४६ साली स्वीडनमध्ये स्विक्स कंपनी निघाली आणि मेणांना रंग मिळाले. कडाक्याच्या थंडीला हिरवं, शून्याखाली पाच-सात अंशांना निळं, शून्याच्या आसपास जांभळं, वितळायला लागलं की लाल. रंग आल्यामुळे वाद मिटतील असं कंपनीला वाटलं असेल, तर कंपनीला माणसं कळत नव्हती. वादाला फक्त नावं मिळाली. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फासाठी ट्यूबमधून क्लिस्टर नावाचा एक चिकट पदार्थ येतो, तो स्कीला कमी आणि हातमोजे, चेन, पँट नि पावाच्या तुकड्याला जास्त लागतो. त्याबद्दल सभ्य माणसाने न लिहिलेलं बरं.

सकाळी व्हरांड्यात व्याह्यांनी पेटी उघडली. अंगठ्याएवढ्या डब्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीचा पत्रा मेण संपेल तसा सोलून खाली गेलेला. खाली खरवडणी, बुचाच्या लाकडाचा ठोकळा आणि दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर. त्यांनी मूठभर बर्फ उचलून दाबला, मूठ उघडली, भुगा झाला. थर्मामीटर उणे सात दाखवत होता. ‘निळं,’ असं म्हणून त्यांनी माझी डावी स्की मांडीवर घेतली. मेण पातळ घासायचं, मग ठोकळ्याने रगडून रगडून चकाकी आणायची, पुन्हा पातळ थर, पुन्हा रगडणं. जाड थर लावणाऱ्याशी ते नातं ठेवत नाहीत. डावी स्की झाली, आणि खात्री करून घ्यायला ते थर्मामीटर घेऊन कोपऱ्यामागच्या सावलीत गेले.

एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एक आजीबाई उठल्या. लोकरीची टोपी, नाकाला पांढरं मलम. मला त्यांनी ‘कुठून आलात’ असंसुद्धा विचारलं नाही. आकाशाकडे पाहिलं, ‘अकराला ऊन येणार,’ एवढंच म्हणाल्या, आणि खिशातून जांभळी डबी काढून माझी उजवी स्की रंगवून टाकली.

व्याही परतले आणि थबकले. कडक मेणावर मऊ चढतं, मऊवर कडक बसत नाही; म्हणजे निळं लावायचं तर आधी जांभळं खरवडायला हवं. पण दुसऱ्याने लावलेलं मेण त्याच्यादेखत खरवडणं म्हणजे पंगतीत बसून वाढपिणीला भात परत देणं. व्याही सभ्य गृहस्थ. त्यांनी खरवडणी पुन्हा पेटीत ठेवली आणि एकही शब्द न बोलता झाकण लावलं, जरा जोरात.

निघालो. डावी स्की सुरेख पकडत होती, सुरेख सोडत होती. उजवीला मात्र कोरडा बर्फ चिकटू लागला. दर पावलागणिक थर वाढत गेला आणि थोड्याच वेळात माझा उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं उंच झाला. व्याही पुढून वळून वळून पाहत आणि तब्येतीची चौकशी करत. इतके आनंदी मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अकराला ऊन आलं. बर्फ ओलसर झाला, निळ्याची पकड सुटली, आणि डावा पाय जेवढा पुढे टाकावा तेवढा मागे येऊ लागला. मागून आजीबाई आल्या, थांबल्या, खाली वाकून माझ्या उजव्या स्कीचा गोठलेला थर स्वतःच्या हाताने काढला. जांभळं मेण आता झकास धरू लागलं होतं. व्याह्यांकडे एक नजर टाकून त्या पुढे गेल्या. त्या नजरेचं भाषांतर करायला भाचा तयार नव्हता.

टेकडीमागे बसून आम्ही क्विक लुन्श चॉकलेट खाल्लं. त्याच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगरात वागायचे ९ नियम छापलेले असतात: हवामान बघा, नकाशा बाळगा, वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही. मेणाबद्दल एक अक्षर नाही. बहुधा समितीत एकमत झालं नसावं. आणि हा पोरखेळ समजू नये. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचा पुरुषांचा रिले संघ चौथा आणि महिलांचा पाचवा आला, तेव्हा देशभर जाब विचारला गेला तो मेण लावणाऱ्यांना.

मग उतार आला. टेलिमार्क वळण म्हणजे एक स्की पुढे, दुसरा गुडघा खाली, मागची टाच उचललेली, आणि चेहऱ्यावर काही विशेष घडत नसल्याचा भाव. हे वळण ज्याच्यामुळे गाजलं तो सोंद्रे नोरहाइम टेलिमार्कमधल्या मोर्गेदालचा. १८६८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो राजधानीत जाऊन स्पर्धा जिंकून आला. पुढे १८८४ मध्ये पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेला, आणि स्थायिक कुठे झाला? तर डाकोटाच्या माळरानावर, जिथे उतार म्हणून औषधालाही नाही. १८९७ मध्ये तो तिथेच वारला. नशिबाला विनोदबुद्धी असते, पण ती फारशी दयाळू नसते. त्याच्याच गावचा उलाव बियोलान १४ डिसेंबर १९११ ला आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर पोहोचला. व्याही हे सगळं अशा थाटात सांगतात की ध्रुवावर मेण कुठलं लावायचं ते यांनीच सुचवलं असावं.

ते स्वतः उतरले ते अप्रतिम. डावीकडे एक वळण, उजवीकडे एक, मागे समान अंतराची नागमोडी रेघ. माझ्या डाव्या स्कीला अडवणारं काहीच नव्हतं आणि उजवीचं जांभळं मेण मध्येच ब्रेक मारत होतं, त्यामुळे माझी सगळी वळणं उजवीकडेच गेली. उतार संपला तेव्हा माझं तोंड टेकडीकडे होतं.

संध्याकाळी जेवणघरात दोन्ही पक्ष मला साक्षीला बोलावत होते. निळं सकाळी बरोबर होतं, जांभळं दुपारी, हे मी सांगून पाहिलं. कुणालाच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने बॅगेतून दोन अरुंद पट्ट्या काढल्या. आखूड लव असलेल्या, पुढे सरकणाऱ्या, मागे न येणाऱ्या. इकडे त्यांना कातडंच म्हणतात. पूर्वी सीलचं असे, हल्ली मोहेर नाहीतर नायलॉन. तळाला लावायचं आणि चालायचं. तापमान विचारायचं नाही, मूठ दाबायची नाही, रगडायचं नाही. ‘मामा, लावा आणि सुटा,’ तो कुजबुजला, पण आवाज व्हरांड्याभर गेला.

व्याही आणि आजीबाई कालपासून एकमेकांशी बोलत नव्हते. आता ते एकाच बाकावर बसले होते आणि एकाच नजरेने माझ्या स्कीच्या तळाकडे बघत होते.

‘मामा,’ व्याही म्हणाले, ‘तुम्ही पाहुणे आहात, तुमचं समजू शकतो. पण हा माझा जावई आहे.’

आजीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या संत्र्यातलं अर्धं त्यांना सोलून दिलं.